हात लावू देणारे यंत्र

जुन्या घरांत काही वस्तूंना एक वाक्य कायमचे चिकटलेले असे : 'त्याला हात लावायचा नाही.' भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, कपाटातला चिनी मातीचा सेट आणि या सगळ्यांत अग्रगण्य म्हणजे रेकॉर्ड-प्लेअर. घरातला एखादाच अधिकारी पुरुष, वडील किंवा काका, रेकॉर्ड पाकिटातून कडांना धरून बाहेर काढी, मऊ फडक्याने पुसून थाळीवर ठेवी आणि मग श्वास रोखून, दांडा उचलून, पिन अलगद कडेवर टेकवी. इतरांनी मुकाट्याने ऐकायचे. मुलांना तर बंदीच असे. पण गाण्याची सर्वांत जास्त हौस जिला, त्या आईलाही पुष्कळदा 'मी आल्यावर लावतो' हेच ऐकावे लागे.

या दटावणीला कारण होते. हात जरा हलला, की पिन घसरे, रेकॉर्डवर चरा पडे आणि तो चरा त्या गाण्याचा जन्माचा सोबती होई. 'याची पिन अडकली' हा वाक्प्रचार मराठीत अजून चालतो. ज्यांनी कधी रेकॉर्ड हातात घेतलेली नाही, तेही तो बिनदिक्कत वापरतात. वस्तू घरातून गेली, तरी तिची धास्ती भाषेत राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

ही धास्ती काही मराठी घरांपुरती नव्हती. जिथे जिथे रेकॉर्ड वाजत होती, तिथे तिथे ती होती. डेन्मार्कमधल्या एका लहानशा गावात काही माणसांनी तिच्यावर गंभीरपणे विचार केला आणि १९७२ साली 'बिओग्रॅम ४०००' नावाचा रेकॉर्ड-प्लेअर बाजारात आणला. आज पन्नास वर्षांनंतरही जगभरचे शौकीन तो आणि त्याची भावंडे शोधत फिरतात, जुने यंत्र दुरुस्त करून घेतात, दिवाणखान्यात मानाने मांडतात. हे आकर्षण म्हणजे नुसते स्मरणरंजन आहे, श्रीमंतांची फॅशन आहे, असे म्हणून विषय झटकून टाकणे सोपे आहे. पण यंत्राने माणसासाठी किती करावे आणि माणसाच्या हातात काय ठेवावे, या प्रश्नाला त्या यंत्राने एक विचारपूर्वक उत्तर दिले होते. त्या उत्तराची गरज आज तेव्हापेक्षा अधिक आहे.

प्रथम त्या गावाविषयी. जटलंडच्या वायव्येला, लिमफ्योर्ड या खाडीच्या काठी स्ट्रुअर वसले आहे. राजधानी कोपनहेगनपासून दूर. याच गावाजवळच्या क्विस्ट्रुप नावाच्या वाड्याच्या माळ्यावर पीटर बँग आणि स्वेन्ड ओलुफसेन हे दोन तरुण अभियंते रेडिओची जोडतोड करत बसत. १९२५ साली त्यांनी दोघांची आडनावे जोडून 'बँग अँड ओलुफसेन' ही कंपनी काढली. त्या काळचे रेडिओ बॅटरीवर चालत आणि बॅटरी सांभाळणे हा एक उपद्व्यापच असे. रेडिओ थेट घरातल्या विजेवर चालावा, हा या दोघांचा आरंभीचा ध्यास होता. म्हणजे घरातला त्रास कमी करायचा, ही वृत्ती पहिल्यापासूनची दिसते. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. जानेवारी १९४५ मध्ये नाझींच्या डॅनिश हस्तकांनी स्ट्रुअरचा कारखाना स्फोटाने उद्ध्वस्त केला. युद्ध संपल्यावर तो पुन्हा उभा राहिला.

आवाज टिपण्याच्या आणि ऐकवण्याच्या शास्त्रात या चिमुकल्या देशाचा हात जुना आहे. वाल्देमार पाउल्सेन या डॅनिश संशोधकाने १८९८ मध्येच पोलादी तारेवर चुंबकाने आवाज नोंदवून दाखवला होता. पुढच्या टेपरेकॉर्डरचा तो पूर्वज. १९१८ साली कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या उद्योगातून 'ऑर्टोफोन' ही कंपनी वाढली. रेकॉर्ड-प्लेअरच्या पिनांसाठी आज ती जगभर ओळखली जाते. पण त्याआधी, १९४०च्या दशकात, तिने मूळ तबकडीवर खाच कोरणारी यंत्रेही घडवली. खाच कशी कोरली जाते हे ज्यांना ठाऊक, त्यांना ती कशी वाचावी हेही कळते. बिओग्रॅमचे मर्म नेमके इथेच आहे.

ते समजून घ्यायला तांत्रिक शिक्षणाची गरज नाही. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर बाहेरून आत जाणारी एकच अखंड खाच असते. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूवरची ही खाच उलगडून सरळ केली, तर ती जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. कारखान्यात मूळ तबकडी कोरताना कोरणारे हत्यार कडेकडून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. घरच्या रेकॉर्ड-प्लेअरचा दांडा मात्र एका टोकाला खिळलेला असतो. दार बिजागरीवर फिरते तसा तो फिरतो. म्हणजे त्याची पिन सरळ न जाता कमानीतून जाते. साहजिकच खाच एका दिशेने कोरलेली आणि पिन किंचित तिरकी, असा बेबनाव होतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. आत लेबलाजवळ हेच अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेला असतो, त्यामुळे पिनेचा तिरकेपणा तिथे जास्त बोचतो. शेवटचे गाणे जरा फाटल्यासारखे का वाजते, याचे हे एक कारण. शिवाय खिळलेल्या दांड्याला आतल्या बाजूला ओढ बसते, ती वेगळीच.

बिओग्रॅम ४०००चा दांडा कोरणाऱ्या हत्याराप्रमाणेच सरळ सरकतो. तो एका छोट्या गाड्यावर बसवलेला आहे. रेकॉर्ड फिरताना खाच पिनेला आत नेते, दांडा केसभर तिरका होतो; ते एक प्रकाशसंवेदक टिपतो आणि लगेच छोटी मोटर गाडा तेवढाच पुढे सरकवून दांडा पुन्हा सरळ करते. बाजू संपेपर्यंत हे सारखे चालू असते, पण ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही कल्पना जगात पहिलीच होती, असा दावा कोणी करू नये. एडिसनच्या १८७७च्या नळकांड्यावर सुई सरळच जात होती. बर्लिनरने १८८७ मध्ये चपटी तबकडी आणली आणि कमानीतला दांडा रूढ झाला. सरळ सरकणारा दांडा १९६०च्या दशकात अमेरिकेतही विकला जात होता. डॅनिश मंडळींचे वेगळेपण असे, की त्यांनी ती शौकिनांची गुंतागुंत घरच्या माणसांच्या हाती देण्याजोगी केली.

या यंत्रात दोन दांडे शेजारी शेजारी, एकमेकांना समांतर असतात. एकात पिन आहे. दुसऱ्याला पिनच नाही. त्यात एक दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा घटक आहे. कळ दाबली, की दोघे मिळून थाळीवरून सरकतात आणि बिनपिनेचा दांडा पुढे राहून पाहणी करतो. थाळीवर काळ्या पट्ट्या आहेत. रेकॉर्ड ठेवलेली नसेल, तर फिरणाऱ्या पट्ट्यांमुळे परतणारा प्रकाश तुटक होतो. तेवढ्यावरून यंत्र ओळखते, की थाळी रिकामी आहे. मग पिन खाली येतच नाही, दांडे मुकाट परत जातात. रेकॉर्ड मोठी असेल तर ३३ची, छोटी असेल तर ४५ची गती यंत्र स्वतः निवडते, योग्य जागी थांबते आणि जेमतेम एक-दीड ग्रॅम भाराने पिन टेकवते. बाजू संपली, की उचलते आणि जागेवर जाते.

याचा घरातला अर्थ लक्षात घ्यावा. आठ वर्षांच्या मुलाने कळ दाबली काय, हात थरथरणाऱ्या आजीने दाबली काय, पिन तितक्याच अलगद टेकणार. चरा पडण्याची भीती गेली. भीती गेली, म्हणजे बंदी गेली. गाणे कधी लावायचे, कोणते लावायचे, हा घरातल्या एकाच माणसाचा मक्ता उरला नाही. रचनाकारांनी हा सामाजिक हेतू मनात धरला होता की नाही, हा मुद्दा वेगळा. परिणाम मात्र असाच होणार होता. या यंत्राचे खरे सौंदर्य आम्हाला इथे दिसते.

बाहेरचे सौंदर्यही अर्थात नाकारण्याजोगे नाही. या यंत्राचा रचनाकार याकोब येन्सेन. १९२६ साली कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या येन्सेनने आधी खुर्च्या-कोचांना गाद्या-कापड चढवण्याचे काम शिकून घेतले होते. रचनाशास्त्राचे शिक्षण नंतरचे. माणूस घरात कसा बसतो, कसा उठतो, हात कुठवर पोचतो, हे अशा कारागिराला सांगावे लागत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून त्याने बँग अँड ओलुफसेनसाठी काम केले. त्याचे रेकॉर्ड-प्लेअर बसके, रुंद, शांत. बाजूला लाकडाची कड, वर ॲल्युमिनियम, त्यावर धूरकट पारदर्शक झाकण. बटणांची गर्दी नाही, लुकलुकणारे दिवे नाहीत. यंत्र वाजत नसते तेव्हा ते खोलीत जागा मागत नाही. न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने १९७८ मध्ये या कंपनीच्या, येन्सेनने घडवलेल्या वस्तूंचे खास प्रदर्शन भरवले होते. २०१५ साली येन्सेन निवर्तला.

कंपनीने आपल्या वस्तूंसाठी काही तत्त्वे ठरवली होती. यंत्र घरगुती असावे, म्हणजे तंत्र माणसासाठी असावे, माणूस तंत्रासाठी नव्हे, हे त्यातले एक. वस्तूकडे पाहताच ती कशी वापरायची हे कळावे, हे दुसरे. ऐकायला ही तत्त्वे अगदी साधी वाटतात. पण आपल्या घरातला टीव्हीचा रिमोट हातात घेऊन त्यावरची किती बटणे आपण जन्मात एकदाही दाबलेली नाहीत, हे मोजून पाहावे. साधेपणा किती अवघड असतो, हे तेव्हा उमजते.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ध्वनीचे कट्टर जाणकार या यंत्रांकडे नाक मुरडत आले आहेत. त्यांच्या मते हे दिवाणखान्याचे फर्निचर. त्याच पैशांत याहून सरस वाजणारे यंत्र मिळते. या म्हणण्यात तथ्य आहे. यांची पिन आणि तिचा संच कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा. पिनेच्या मागे अधिकचिन्हाच्या आकाराचा एक सूक्ष्म धातूचा तुकडा हलतो, अशी त्याची घडण. (या कामात असलेल्या अभियंत्यांत सुबीर प्रामाणिक हे आपल्या कानांना ओळखीचे वाटणारे नाव आहे.) बांधणी उत्तम, पण दुसऱ्या कोणाचीही साधी पिन त्यावर चढत नाही, त्यामुळे मालक एकाच पुरवठादाराला बांधला जातो. मूळ संच बनणे थांबल्यावर अमेरिकेतल्या 'साउंडस्मिथ'सारख्या छोट्या कारखान्याने ते नव्याने बनवले म्हणून आज निभावते आहे. किमतीविषयी तर बोलायलाच नको. किमतीआधी अभिरुची आणि गुणवत्ता यांची चर्चा करणाऱ्यांसाठी आमची वस्तू आहे, अशा आशयाची कंपनीची जाहिरात असे. किमतीची चर्चा शेवटी करणे सगळ्यांनाच परवडत नाही. घरातली बंदी उठवणारे यंत्र बहुसंख्य घरांच्या दाराबाहेरच राहिले, ही त्याची मोठी उणीव होय. आपल्याकडे तर १९९१ पूर्वीच्या आयात-निर्बंधांच्या काळात असे यंत्र मध्यमवर्गीय घरात येणे दुरापास्तच होते.

आणखी एक गोष्ट आपल्या जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. बिओग्रॅम ४०००वर ३३ आणि ४५ या दोनच गती आहेत. बालगंधर्वांच्या काळातल्या नाट्यगीतांच्या ७८ गतीच्या तबकड्या त्यावर वाजणार नाहीत. त्यांची खाचही रुंद, तिला पिन वेगळी लागते. जुन्या बाजारात वा परदेशी नातेवाइकांकडून असे यंत्र मिळत असेल, तर केवळ रूपावर भाळू नये. पन्नास वर्षांत रबरी पट्टा ताठरतो, वंगण वाळून घट्ट होते, आतले कपॅसिटर निकामी होतात, पाहणी करणारा दिवा गेलेला असतो. पिन शाबूत आहे का, ते सर्वांत आधी पाहावे, आणि खर्चाचा अंदाज दुरुस्तीसह करावा.

पण या यादीतच त्या यंत्राचा एक मोठा गुण दडलेला आहे. जे बिघडते, ते बदलता येते. खालचे आवरण उघडले, की जाणत्या कारागिराला आतला कारभार वाचता येतो. याचा सर्वांत बोलका पुरावा कंपनीनेच दिला. रेकॉर्डचा जमाना संपला असे समजून १९९०च्या दशकात तिने रेकॉर्ड-प्लेअर बनवणे थांबवले होते. २०२० साली कंपनीला ९५ वर्षे झाली, तेव्हा तिने जुने बिओग्रॅम ४००० परत मिळवले, स्ट्रुअरच्या कारखान्यात ते सुटे करून साफ केले, झिजलेले भाग बदलले, ओकच्या लाकडाची नवी चौकट बसवली आणि अशी ९५ यंत्रे पुन्हा विकायला काढली. किंमत दहा हजार युरो, म्हणजे ती पुन्हा धनिकांचीच. तरीही ज्या कंपनीला नवे बनवता येत होते, तिने वर्धापनदिनी जुने दुरुस्त करून दाखवणे अभिमानाचे मानले, ही गोष्ट लहान नाही.

त्याशेजारी आपली आजची घरे ठेवून पाहावी. ब्लूटूथचा स्पीकर दोन-तीन वर्षांत मान टाकतो. त्याला स्क्रू नसतो, असतो तो डिंक. आतली बॅटरी बदलता येत नाही. दुकानदार सांगतो, 'नवीनच घ्या, तेच स्वस्त पडेल.' आणि ते खरेही असते, हेच दुर्दैव. गावोगावच्या बाजारपेठांतला रेडिओ-दुरुस्तीवाला, ज्याच्या टेबलावर डाग देण्याचा राळेचा वास दरवळत असे, तो या एका वाक्याने बसवला. आता सरकारांनाही याची दखल घ्यावी लागली आहे. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निर्देश संमत केला. जी गोष्ट एके काळी चांगल्या कारागिरीत आपोआप येत होती, तिच्यासाठी कायदे करण्याची वेळ आली.

दुसरा बदल याहून सूक्ष्म आहे. आजची यंत्रे वापरायला बिओग्रॅमपेक्षाही सोपी आहेत. फोनवर बोट ठेवले, की गाणे सुरू. चरा नाही, धूळ नाही, बंदी नाही. ही सोय खोटी नाही आणि तिचा लाभ आपण सारेच घेतो. एके काळी नशिबाने कानी पडणारी मैफल आज खेड्यातल्या मुलालाही ऐकता येते, याचा आनंदच मानावा. परंतु या सोयीत यंत्राने आपले श्रम तर घेतलेच, निवडही घेतली. एक गाणे संपले, की पुढचे तेच लावते. त्यानंतरचे, त्याच्याही नंतरचे. कुठे थांबावे, हे त्याला ठाऊक नाही. किंबहुना त्याने थांबू नये, अशीच त्याची घडण आहे. महिन्याचे पैसे भरणे थांबवले, की आयुष्यभर जमवलेली आवड एका रात्रीत कुलूपबंद होते. मुलाला वारशात द्यायला पासवर्डाखेरीज काही उरत नाही.

अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डच्या प्रती सीडींपेक्षा जास्त खपल्या. १९८७ नंतर असे पहिल्यांदाच घडले. विकत घेणाऱ्यांत तरुणही आहेत, ज्यांना रेकॉर्डच्या काळाची आठवण असण्याचा संभवच नाही. त्यांना गेलेला काळ परत नको आहे. हातात धरता येईल, आपली म्हणता येईल आणि जिला शेवट आहे, अशी एखादी गोष्ट त्यांना हवी असावी.

म्हणून त्या डॅनिश यंत्रातला समतोल पाहण्यासारखा वाटतो. नाजूक, भीतीचे, चुकण्याजोगे जे काम, ते त्याने स्वतःकडे घेतले. ते कसे चालले आहे हे लपवले नाही. पारदर्शक झाकणाखाली दोन दांडे थाळीवरून सरकताना सारे घर पाहू शकते. आणि गाणे निवडणे व ऐकणे या दोन गोष्टी माणसाकडे राहू दिल्या. वीस-बावीस मिनिटांनी दांडा उचलला जातो, जागेवर जातो, थाळी थांबते. रेकॉर्ड उलटण्याचे काम मात्र ते यंत्र करत नाही. त्यासाठी घरातल्या कोणाला तरी उठावे लागते आणि उठताना 'दुसरी बाजू लावू का?' असे इतरांना विचारावे लागते.

प्रत्येकाने डॅनिश टर्नटेबल शोधायला निघावे, असे अर्थातच आम्ही सुचवत नाही. तेवढे पैसे बहुतेकांकडे नाहीत आणि असले, तरी त्यांना याहून चांगल्या वाटा आहेत. पण सणासुदीला घरात एखादी नवी वस्तू आणताना, मग ती मिक्सर असो, टीव्ही असो की गाणी ऐकण्याचे साधन असो, दुकानदाराला तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाला ही वस्तू न भिता वापरता येईल का? बिघडली, तर ती उघडून दुरुस्त करता येईल का? आणि तिचे काम संपले, की ती आपणहून थांबेल का? दुकानदार पहिल्या दिवशी चमकेल. पण असे प्रश्न पुष्कळ घरांनी, पुष्कळ वेळा विचारले, तर वस्तू बनवणाऱ्यांनाही कधीतरी त्यांची उत्तरे शोधत बसावे लागेल.